बॉनेटवरच्या अक्षता

माझ्या गाडीची कुणी कीव केली की माझं डोकं फिरतं. हसलं तर चालतं; हसणाऱ्याला उत्तर देता येतं. पण मंडळाच्या गणपतीला हॉलबाहेर गाडी लावून उतरावं आणि कुणीतरी मान तिरकी करून, आवाज मऊ करून विचारावं, "वहिनी, अजून तीच का?" हे मला सोसत नाही. जणू माझ्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि हे समाचाराला आलेत. "हो, तीच," मी म्हणते, "आणि मीही तीच." मग ते आपल्या भल्याथोरल्या पांढऱ्या एसयूव्हीकडे बघतात, मी माझ्या गाडीकडे बघते आणि आम्ही आत जाऊन एकाच टेबलावर बसून मोदक खातो.

गाडी तेवीस वर्षांची आहे. अमेरिकन कंपनीची, लहान, चार दारांची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. काचा हाताने फिरवून खाली कराव्या लागतात. मागे बघायला कॅमेरा नाही, त्यासाठी मला मान दिलेली आहे. रस्त्यावरच्या मिठाने दारांच्या खालच्या कडा खाल्ल्यात, पण दर शरद ऋतूत मी खालून तेलाचा फवारा मारून घेते, त्यामुळे गंज आहे तिथेच थांबलाय. उजवीकडचा आरसा ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी उडवला होता. नवा मिळेना म्हणून भंगारातून आणून बसवला, तो करड्या रंगाचा आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझेही काही भाग आता मूळचे राहिलेले नाहीत.

हीच गाडी का, असं लोक विचारतात. त्याला कारण आहे आणि ते मी कुणालाही तासभर सांगू शकते.

लग्न होऊन सांगलीहून कॅनडातल्या विंडसरला आले तेव्हा माझ्याकडे फिजिक्सची बी.एस्सी. होती. ती इथे कुणाला नको होती. कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही, असं सगळीकडून ऐकून झाल्यावर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. आम्ही हार्नेस बनवायचो. म्हणजे गाडीतल्या दिव्यांना, पंख्यांना, इंजिनाला वीज नेणाऱ्या सगळ्या तारांचा एक लांब जुडगा. भिंतीएवढा प्लायवूडचा बोर्ड, त्यावर खुंट्या, आणि खुंट्यांमधून वेणी घालावी तशा तारा नेऊन त्यांना टेप गुंडाळायचा. एक तार चुकली की कुठेतरी कुणाची तरी गाडी ऐन थंडीत रस्त्यात उभी राहणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि त्या कामाबद्दल मला कधी कमीपणा वाटला नाही. मंडळातल्या बायकांना तो माझ्या वतीने वाटायचा. त्यांचे नवरे डॉक्टर, प्रोफेसर, आणि मी डबा घेऊन पाळीला जाणारी.

आमचे हे डिझाइन इंजिनिअर होते. त्यांचा विश्वास फक्त जपानी गाड्यांवर. मंडळातल्या सगळ्यांचाच होता. हे मला सकाळी आपल्या जपानी गाडीतून कारखान्याच्या फाटकाशी सोडायचे आणि माझ्या लाइनवरच्या बायका खिडकीतून बघून हसायच्या. विंडसरसारख्या गावात, जिथे निम्म्या घरांची चूल गाडीच्या कारखान्यावर पेटते, तिथे परदेशी गाडी घेऊन येणाऱ्याला पार्किंगच्या पार टोकाला, कुंपणापाशी गाडी लावायला सांगायचे. मला त्यांचं बरोबर वाटायचं. आम्ही ज्या गाडीचे हार्नेस बनवत होतो ती गाडी मी एक्कावन्नाव्या वर्षी, माझ्या पगारातून, माझ्या नावावर घेतली. माझ्या एकटीच्या नावावर असलेली या देशातली ती पहिली वस्तू. हे म्हणाले, "खटारा घेतलास." मी म्हटलं, "असू दे. खटारा माझा आहे."

त्यांची गाडी चौदा वर्षांत गंजून गेली. नंतरची विकली. हेही गेले, त्याला सहा वर्षं झाली. कारखाना तर त्याच्याही आधी उचलून मेक्सिकोला नेला. शेवटच्या दिवशी मी माझ्या बोर्डवरची क्रिंपर पिशवीत टाकून घरी आणली. क्रिंपर म्हणजे तारेच्या टोकावर धातूची कडी दाबून बसवायची पक्कड. चोरली म्हणा. परत मागायला मेक्सिकोहून कुणी आलं नाही.

दर दसऱ्याला मी गाडीची पूजा करते. धुऊन पुसून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, अंगणातल्या झेंडूची माळ, चाकाजवळ नारळ, आणि अक्षता. यांच्या वेळी हे मोजून चार दाणे टाकायचे, कारण तांदूळ काचेखालच्या जाळीत जातात म्हणून त्यांची कुरकुर असे. हे गेल्यापासून माझा हात सैल झाला. गेल्या वर्षी तर मी कुंकवाने लाल केलेल्या अक्षतांची मूठच्या मूठ काचेच्या पायथ्याशी ओतली. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, मुलगा मला त्याच्या घरी किचनरला न्यायला येणार होता, आणि परत येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये एकटी राहणार होती. "ठणठणीत राहा गं बाई," असं मी तिला मोठ्याने म्हटलंसुद्धा.

मुलगा इथेच जन्मला. किचनरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सून पुण्याची, तीही त्याच क्षेत्रातली. नात अकरा वर्षांची, मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत देते. ऑपरेशन नीट झालं, दिवाळीही तिथेच झाली, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सुनेने मला बेसमेंट दाखवायला नेलं. ते त्यांनी उन्हाळाभर माझ्यासाठी तयार करून घेतलं होतं.

"आई, बघा ना, सेपरेट एन्ट्रन्स आहे. फुल वॉशरूम केलंय. आणि फ्लोअर हीटेड आहे, पाय गार पडणार नाहीत तुमचे."

खरंच छान केलं होतं. देवघरासाठी कोनाडासुद्धा ठेवला होता. खिडकी मात्र छताला लागून, हातभर रुंद. त्यातून शेजाऱ्याचे बूट दिसत होते.

वर आल्यावर मुलाने विषय काढला. "आई, यू कान्ट शोव्हल द ड्राइव्हवे फॉरेव्हर. आणि ती गाडी... आय मीन, ४०१ हायवेवर एकटी असताना बंद पडली तर? विंटरमध्ये? व्हॉट विल यू डू?"

"ती बंद पडत नाही."

"आई, इट्स ट्वेंटी-टू इयर्स ओल्ड. एव्हरीथिंग बंद पडतं."

नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "ज्या दिवशी ती बंद पडेल ना, त्या दिवशी घर विकून, सामान बांधून तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला येईन. झालं समाधान?"

नात टॅब्लेटमधून डोकं वर काढून म्हणाली, "आजी, प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं.

मुलाने हातातली चकली ताटलीत ठेवली. तेव्हाच मला कळलं की त्याने शब्द उचलून खिशात टाकलाय. आमच्या घरात दिलेला शब्द मोडायची पद्धत नाही. ते मीच त्याला लहानपणी कान धरून शिकवलं होतं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि जवळजवळ महिन्याने मुलाने मला विंडसरला आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला म्हणून गाडीत बसले. किल्ली फिरवली. इंजिन खरखरत फिरत राहिलं, पण पेट घेईना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. पंखा लावून बघितला तर आतून घाणेरडा वास आला, गोठ्यासारखा.

गाडी ओढून नेली. ज्याच्याकडे मी पंधरा वर्षं गाडी नेते तो मेकॅनिक अबोल आणि सरळ माणूस. दुपारी त्याने मला बोलावून घेतलं आणि हातांची ओंजळ करून पुढे धरली. त्यात बॉनेटखालच्या अस्तराचा करडा कापूस होता, टिश्यू पेपरचे तुकडे होते, तारांच्या रंगीत सालींचा चुरा होता आणि लाल तांदूळ होते.

"मॅडम, तुम्ही यात विष टाकलं होतं का?" त्याने इंग्रजीत विचारलं. "लाल आहे म्हणून विचारतो. चाललेलं दिसत नाही. उंदरांना फारच आवडलंय."

मी म्हटलं, "हो, विषच."

आयुष्यात इतकं झटकन खोटं मी कधी बोलले नसेन. काय सांगणार होते त्याला? की गाडीला दृष्ट लागू नये, तिला काही होऊ नये म्हणून मीच उंदरांना अक्षत देऊन बोलावलं? काचेखालच्या जाळीतून मूठभर तांदूळ आत गेले, बाहेर थंडी पडली, गाडी महिनाभर हलली नाही, आणि उंदरांनी आत संसार थाटला. तांदूळ संपत आल्यावर तारा खाल्ल्या. यांची कुरकुर कानात ऐकू आली. जिवंत असते तर महिनाभर तोच विषय पुरला असता.

मेकॅनिक म्हणाला, हा हार्नेस आता कुणी बनवत नाही. तारा एकेक करून जोडत बसायला कुणाला वेळ नाही, आणि जोडल्या तरी गाडीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होईल. मग त्याने मान तिरकी केली आणि आवाज मऊ केला. "मॅडम, मला वाटतं आता वेळ झाली." तोच आवाज. समाचाराला आलेल्या माणसाचा.

"गाडी माझ्या घरी परत पोचवा," मी म्हटलं.

"घरी? तिथे काय करणार?"

"ते मी बघते."

खरं सांगते, घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडले. गाडीसाठी नव्हे. गाडी लोखंडाची आहे हे मला कळतं. शब्द दिला होता म्हणून रडले. आता हे घर विकायचं. ज्या अंगणात झेंडू लावते ते सोडायचं. माझ्या शेजारच्या बोर्डवर एकोणीस वर्षं काम केलेली लेबनीज मैत्रीण इथे चार गल्ल्या पलीकडे राहते; तिचे गुडघे गेलेत, दर गुरुवारी मी तिला ग्रोसरीला नेते, तेही संपलं. आणि यापुढे कोथिंबीर आणायला जायचं तरी सुनेच्या मीटिंगा कधी संपतात ते विचारून. ती चांगली मुलगी आहे, हसतमुखाने नेईल. पण मला नेलेलं नको होतं. मला जायचं होतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "गाडी काढलीस का?"

"थंडी आहे. काढीन आठवड्याने," मी म्हटलं. दिवसातलं दुसरं खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांचा जुना जाड कोट चढवला, गॅरेजमध्ये हीटर लावला, बॅटरीची तार सोडवली आणि बॉनेट उघडलं. मैत्रिणीला फोन केला होता. तिचा जावई तिला माझ्याकडे आणून सोडून गेला. वेलदोड्याच्या कॉफीचा थर्मास घेऊन ती खुर्चीत बसली, एका हातात टॉर्च धरला आणि तोंडाने मला नावं ठेवायला लागली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि कारखान्यातही हेच करायची.

काचेखालची जाळी काढून मी घरटं उपसलं. उंदीर कधीच पळालेले होते. लाल तांदळाचे दाणे एकेक वेचून काढले. मैत्रिणीला खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली की टॉर्चचा उजेड छतावर नाचायला लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "आमच्याकडे निळा मणी टांगतात. तो निदान कुणी खात नाही."

अकरा तारा कुरतडलेल्या होत्या. मी इतकी वर्षं मंडळात छाती काढून सांगत आले होते की या गाडीचा हार्नेस माझ्या हातचा आहे. जुडग्यावरचा टेप सोडवताना आत कागदाची चिठ्ठी सापडली. प्रत्येकीचा नंबर असा गुंडाळून ठेवायची आमची पद्धत होती, म्हणजे चूक निघाली तर कुणाची ते कळावं. माझा नंबर सेहेचाळीस. चिठ्ठीवर एकतीस होता.

"एकतीस म्हणजे ती पोलिश," मैत्रीण म्हणाली. "टेप ढिला गुंडाळायची."

बावीस वर्षं दुसरीच्या कामावर मिरवत होते तर. मग मी ती चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकली आणि ढिला टेप सगळा काढून टाकला. हार्नेस पूर्वी माझा नसेल. आता होणार होता.

आठ दिवस लागले. बोटं पूर्वीची राहिली नाहीत. अंगठ्याच्या सांध्यात दुखतं, आणि क्रिंपर दाबायची तर दोन्ही हातांनी. पण रंग डोक्यात तसेच्या तसे होते. जांभळीवर पांढरी रेघ, हिरवीवर काळी, तपकिरी एकटी. नातवंडांचे वाढदिवस विसरणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत; मी तारांचे रंग विसरले नव्हते. कुरतडलेला भाग कापायचा, त्याच जाडीची नवी तार घ्यायची, दोन्हीकडे कडी दाबायची, वर नळी चढवून गरम करून ती आवळायची, मग पुढची तार. नव्या डोळ्याने सगळं लख्ख दिसत होतं. सातव्या दिवशी अकरावी तार झाली. टेप गुंडाळला, एकतीस नंबरवालीपेक्षा घट्ट. बॅटरी जोडली, आत बसले, किल्ली फिरवली.

इंजिन फिरत राहिलं. पेट घेईना.

दहा वेळा केलं. मग हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मैत्रिणीने टॉर्च विझवला, म्हणजे परिस्थिती कठीण. मी फोन काढला. मुलाचं नाव समोर आणलं. हरले, येते, एवढंच सांगायचं होतं. राग स्वतःचा होता. चार दाणे पुरे असताना मूठ ओतणाऱ्या हाताचा.

"उलटा करून बघितलास का?" खुर्चीतून आवाज आला.

आमच्या लाइनवरचा तो पहिला धडा होता. बोर्डवरून उतरवलेला हार्नेस वरून बघायचा नाही, उलटा करून बघायचा. खालच्या बाजूची चूक वरून दिसत नाही. रोज शंभरदा केलेली गोष्ट, आणि गाडीत बसवलेला हार्नेस उलटा होत नाही म्हणून माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी फोन ठेवला. आरसा आणला, कुंकू लावायचा हातातला छोटा आरसा, आणि तो इंजिनामागच्या फटीत तिरका धरला. खालच्या अंगाला एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा होत्या. वरून अगदी धडधाकट. खालून दोन्ही कुरतडलेल्या, तांब्यापर्यंत.

त्या दोन तारांना दुसरा अख्खा दिवस गेला, कारण हात जेमतेम आत जात होता. मनगटाची सालटं निघाली. संध्याकाळी किल्ली फिरवली तेव्हा गाडीने एक आचका दिला आणि सुरू झाली. गॅरेज धुराने भरलं. मैत्रीण खुर्चीतून उठली, गुडघे विसरून, आणि अरबीत काहीतरी मोठ्याने ओरडली. मी नवी चिठ्ठी कापून तिच्यावर सेहेचाळीस लिहिलं आणि शेवटच्या वेढ्यात गुंडाळून टाकली. मग आम्ही दोघी कोथिंबीर आणायला गेलो. गुरुवार नव्हता, तरी गेलो.

शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता किचनरला निघाले. विंटर टायर लावलेले होते, आकाश स्वच्छ होतं. वाटेतलं लंडन नावाचं गाव दोन तासांत मागे पडलं. ४०१ वर ट्रक शेजारून गेले की गाडी थरथरते, ती पूर्वीही थरथरायची. तीन तासांनी मुलाच्या ड्राइव्हवेमध्ये हॉर्न वाजवला. तो मोज्यांवरच बाहेर आला. आधी आनंदला, मग गाडीकडे बघून त्याचा चेहरा बदलला.

"यू ड्रोव्ह? एकटी? आई, सांगायचं तरी!"

"सांगायलाच आलेय," मी म्हटलं. आत जाऊन, कोटही न काढता, सगळं सांगून टाकलं. अक्षता, उंदीर, मेकॅनिक, अकरा तारा, त्या खालच्या दोन तारा, फोनवरचं खोटं. सून तोंडावर हात ठेवून ऐकत होती. नात म्हणाली, "बट आजी, इट स्टॉप्ड. यू प्रॉमिस्ड."

"हो. बंद पडली होती. दहा दिवस," मी म्हटलं. "शब्द मी रागात दिला होता. आज शांत डोक्याने मोडतेय. मी इथे राहायला येणार नाही."

मुलगा उभाच होता. रागावेल असं वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबांच्या वेळी मला पोचायला साडेतीन तास लागले, आई. आय वॉज ऑन द रोड. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी लंडनच्या पुढे होतो. पुन्हा तसं... आय कान्ट डू दॅट ड्राइव्ह अगेन."

पाच वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मी बेसमेंटला, खिडकीला, बुटांना नावं ठेवत बसले होते आणि ते हीटेड फ्लोअर त्याने या भीतीपोटी केलं होतं. त्याच्या केसांतून हात फिरवला. पुढून विरळ झालेत, अगदी यांच्यासारखे.

"ते साडेतीन तास तुझ्या वाट्याला पुन्हा येतील," मी म्हटलं. "मी नाही टाळू शकत. पण तोपर्यंत मला खिडकीत बसवून ठेवू नकोस. रोज सकाळी आठला फोन करीन. नाही आला तर समज. पण गाडी माझी आणि घर माझं."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. जेवताना त्याने दोनदा वाढून घेतलं, आणि मी निघाले तेव्हा बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत उभा राहिला. "विच वन्स?" त्याने विचारलं. मी बोट दाखवलं. काळ्या टेपचे घट्ट, एकसारखे वेढे. सॉफ्टवेअरवाला माणूस, त्याने एकदा त्यावरून बोट फिरवलं आणि बॉनेट अलगद बंद केलं.

त्याला आता वर्ष होत आलं. आठचा फोन मी एकदाही चुकवलेला नाही.

यंदा दसऱ्याला ती तिघं विंडसरला आली. मी गाडी धुतली, नातीने स्वस्तिक काढलं, थोडं वाकडं. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मुलाने तबकातल्या अक्षता उचलल्या आणि हात बॉनेटकडे नेला. मी त्याचं मनगट पकडलं.

"गाडीवर नाही. उंदीर येतात."

तो मूठ बंद करून तसाच उभा राहिला. देवापुढचे तांदूळ खाली टाकवेनात, परत तबकातही ठेववेनात. चेहरा अगदी लहानपणीसारखा झाला. मी त्याच्यापुढे मान वाकवली. "इथे टाक," मी म्हटलं.

त्याने टाकल्या. सगळ्याच्या सगळ्या. काही केसांत अडकल्या, एक दाणा कॉलरमधून पाठीत गेला. त्याचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला. मग मी किल्ली घेतली आणि सगळ्यांना म्हटलं, चला, नदीकाठापर्यंत एक चक्कर मारून येऊ. सून आणि नात मागे बसल्या. मुलगा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"तिकडून," मी म्हटलं.

तो मुकाट्याने वळसा घालून गेला, माझ्या शेजारी बसला आणि पट्टा लावला.